सहा नंबरच्या खोलीतलं गाणं

लॉजच्या काउंटरवर तो सेट बसवला त्या दिवसापासून मी पूर्ण शांतता कधी ऐकली नाही. गाणी बंद केली, सगळी बटणं वर केली, तरी त्यातून एक बारीक घूंघूं येतच राही. जेवताना, आंजीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकलं असताना, ती माझ्या कानात असे. आता मी पन्नाशी ओलांडली आहे. लॉज राहिलं नाही, सेट भंगारात गेला त्यालाही वर्षं झाली. घूंघूं अजून आहे.

हे मी माझ्या बहिणीसाठी लिहितो आहे. तिला यातलं बरंचसं मी तोंडानं सांगितलेलं आहे. एक गोष्ट मात्र सांगितलेली नाही.

वर्धा स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आमचं लॉज होतं. चौदा खोल्या, खाली काउंटर, मागं चहाची भट्टी. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी आंजी मोठीचा, शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेज अर्धवट सोडून काउंटरला बसलो होतो. उतरायला यायचे ते सिंदीकडचे कापसाचे व्यापारी, दवाखान्यात पेशंट भरती केलेली खेड्यापाड्यातली माणसं, आणि गाडी चुकलेले प्रवासी. मालक व्यापारी घराण्यातले. कापडाचं दुकान भावाच्या हवाली करून त्यांनी लॉज काढलं होतं आणि लॉजवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात खोलीखोलीत गाणी वाजतात हे ते एकदा पाहून आले आणि आठ दिवस त्यांना दुसरं काही सुचेना.

शेवटी कुठल्याशा बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातला जुना सेट त्यांनी उचलून आणला. काउंटरवर मुख्य सेट, प्रत्येक खोलीत खाटेच्या उशाकडे भिंतीवर लाकडी डब्बा. डब्ब्याला पुढं जाळीचं कापड आणि आवाज कमीजास्त करायचा एक खुंटा. काउंटरवर रेडिओ लावला की चौदा खोल्यांत गाणं. माइकमध्ये बोललो की चौदा खोल्यांत माझा आवाज: "नागपूरकडं जाणारी पॅसेंजर एक तास लेट आहे." लोकांना याचं फार अप्रूप वाटे. गाडी लेट आहे हे ऐकूनही माणसं खूश होत, कारण ते त्यांना खाटेवर पडल्या पडल्या कळत असे.

त्या सेटला आणखी एक सोय होती. प्रत्येक खोलीसाठी एक बटण होतं. पाहुण्यानं दारापाशी लावलेली घंटी वाजवली की मी त्या खोलीचं बटण खाली करायचो. मग त्या खोलीतलं गाणं थांबायचं आणि डब्बा उलटा चालायचा. पाहुणा डब्ब्याकडे तोंड करून "दोन चहा, एक बिनसाखरेचा" म्हणायचा आणि ते मला काउंटरवर ऐकू यायचं. बटण वर केलं की गाणं पुन्हा सुरू.

सेट जोडणारा मेकॅनिक नागपूरचा होता. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं.

"ऐक बापा. घंटी वाजल्याबिगर हे बटन खाली नाई करायचं. पाव्हण्याले वाटते डब्बा बंद हाये, पण तो ऐकून राह्यला असते. समजलं काय?"

"समजलं ना," मी म्हणालो.

"समजून नाई भागत. हाताले सवय लागली का मंग सुटत नाई."

पहिल्यांदा चुकून झालं. अकरा नंबरमधून चहाची ऑर्डर घेतली आणि बटण वर करायला विसरलो. थोड्या वेळानं सेटमधून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. तो बायकोला सांगत होता की घसा धरला आहे, चहात आलं टाकायला सांगायला हवं होतं, पण आता पुन्हा घंटी वाजवायची लाज वाटते. मी भट्टीवाल्याला ओरडून सांगितलं. चहा गेला तो आल्याचा गेला. संध्याकाळी म्हातारा खाली आला तो हात जोडूनच.

"काहो शेठजी, लॉजात भूत-गिन ठेवलं काय तुमी? मनातलं समजते त्याले!"

मालक खुर्चीत फुगले. "भूत नाई काका, सर्विस हाये सर्विस. आपल्या इथं पाव्हण्याले मागावंच नाई लागलं पायजे." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

ती थाप मला आवडली. त्यानंतर मी दिवसातून दोनदा, मग पाचदा, मग मोकळा असेन तेव्हा बटणं खाली करत गेलो. कुणाला ऊन पाणी हवं आहे, कुणाची चादर तोकडी आहे, दवाखान्यातून आलेली कोण बाई सकाळपासून जेवलेली नाही, हे मला कळायचं आणि न मागता वर जायचं. माणसं दुवा देऊन जात. मी काही वाईट करतो आहे असं मला वाटत नव्हतं. पण सर्विसपुरतंच ऐकलं असं म्हणालो तर ते खोटं होईल. नवीन लग्न झालेली जोडपी येत. भावाभावांची भांडणं येत. एकदा आमच्याच आंजीचे एक गृहस्थ दवाखान्यातून येऊन एकटेच रडताना मी ऐकले. बटण वर करायला हवं होतं. हात बटणावर होता. केलं नाही.

गाणं मधेच थांबतं याची मात्र कुणाला शंका आली नाही. डब्बा जुना आहे असं म्हणून माणसं खुंटा पिळत.

अशी दोन वर्षं गेली आणि माझ्या बहिणीचं जमलं.

ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. मॅट्रिक झालेली. तिला हसू आलं की आवरत नसे. चुलीपुढं, देवापुढं, शाळेत बाईंपुढं, कुठंही. मुलगा यवतमाळकडचा. घरची शेती आणि संत्र्याचा बगीचा, वडील नाहीत, एकुलता. त्यानं तिला एका नातलगाच्या घरी पाहिलं होतं आणि होकार कळवला होता. होळीनंतर आमच्या घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पाहुणे लांबचे, दोन एसट्या बदलून येणार. म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला येणार होते.

बाबा म्हणाले, "शाळेच्या खोलीत उतरवू. गाद्या गावातून जमा करतो."

"लॉज असताना शाळा कायले, बाबा?" मी म्हणालो. "माह्या जिम्मेदारीवर सोडा."

आमच्याकडे मुलाकडच्या माणसांना उतरवलेल्या जागी काही कमी पडलं, तर ते मुलीला जन्मभर ऐकावं लागतं. पाण्याचा तांब्या उशिरा आला होता, गादीत ढेकूण होते, हे तिला म्हातारपणीही कुणीतरी सांगतं. माझ्या बहिणीला असं काही ऐकावं लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मालकांनीही मोठ्या मनानं सहा आणि सात नंबर दिले.

दुपारी तीनच्या सुमारास ते आले. सातमध्ये मुलाचे मामा आणि एक म्हातारे नातलग, सहामध्ये मुलगा आणि त्याची आई. मुलगा उंच, सावळा, कमी बोलणारा. जिना चढताना आईची पिशवी त्यानं स्वतः घेतली, हे मी मनात टिपलं. मी सहामध्ये गाणं लावून दिलं, आवाज बेताचा ठेवला, आणि खाली आलो.

मग न मागता काय पाठवता येईल हे कळावं म्हणून सहाचं बटण खाली केलं. घंटी वाजली नव्हती.

आधी खाट करकरली. मग आईचा आवाज आला.

"गाणं काऊन बंद झालं?"

"डब्बा बिघडला असंन." मुलाचा आवाज अगदी जवळून आला. तो डब्ब्याखालीच बसला असावा.

"गोळी घेतली काय?"

"घेतली."

"सकाळची बी?"

"घेतली म्हणलं ना, माय."

"उद्या निघाच्या आधी माह्यासमोर घेजो. तिथं लोकाईसमोर फिट आली त..."

"सात महिने झाले, नाई आली."

"म्हणून त म्हणलं."

बाहेरून एक टांगा गेला, त्याचा आवाज मला रस्त्यावरून आणि सेटमधून, दोन्हीकडून ऐकू आला. मग मुलगा म्हणाला, "माय, मी सांगतो तिले."

"कोणाले?"

"पोरीले. उद्या दोन मिनिटं बोलू देतीन. सांगून टाकतो. नाई म्हणली त नाई."

"दोन ठिकाणी सांगतलं होतं ना? काय झालं? चहा बी न पेता उठले ते लोक."

"एका घरात राहणार हाये ती. किती दिवस लपवाचं?"

"लगन होऊ दे. मंग पाहू."

"मंग सांगून काय उपेग?"

"तुले माही शपथ हाये. तिच्यासमोर हे तोंडातून काढलं त माह्या मेल्याचं तोंड पाहशीन. म्हण."

"माय..."

"म्हण."

शेवटी तो म्हणाला, "बरं."

मी बटण वर केलं. गाणं अर्ध्यातून पुन्हा सुरू झालं असणार. मी स्वतः चहा घेऊन वर गेलो. आईंनी चहा घेतला, कौतुक केलं. मुलगा खाटेवर बसला होता आणि मान वर करून डब्ब्याकडे पाहत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे उचलून बाहेर आलो.

त्या संध्याकाळी मी आंजीला गेलो. अंगणात सडा पडलेला, बायका पुऱ्यांचं पीठ मळत होत्या. बहीण नवी बांगडी हातात बसेना म्हणून साबण लावून हसत होती. मी बाबांना गोठ्याकडे बोलावलं.

"बाबा, मुलाची तब्येत बरी हाये ना? विचारलं काय कोणी?"

"काऊन? काय झालं?"

"काही नाई. असंच."

"कोणी काही सांगतलं काय तुले?"

मी काय सांगणार होतो? कुणी सांगितलं म्हणून सांगणार होतो? त्या एका प्रश्नाच्या मागं दुसरे सगळे उभे होते: तू ऐकलंस कसं, आणखी कुणाकुणाचं ऐकलंस, केव्हापासून ऐकतोस. आमच्या गावची माणसं त्या लॉजात उतरत होती. माझी नोकरी जाईल हे होतंच, पण खरी भीती तोंड दाखवायची होती.

"नाई, कोणीच नाई," मी म्हणालो.

"मंग शुभ कामात असं बोलू नोको," बाबा म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी साक्षगंध झालं. मुलामुलीला माजघरात दोन मिनिटं बोलू दिलं, दार उघडं ठेवून. मी दारातच उभा होतो. तो तिला म्हणाला, "तुमाले काही विचारायचं असंन त विचारा." ती लाजली, हसली, मान हलवली. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. एवढंच.

वैशाखात लग्न झालं.

लग्नाला वर्ष पुरं व्हायच्या आत, चैत्रात, भर सकाळी लॉजवरचा फोन वाजला. काउंटरला मीच होतो. विहिरीतल्या मोटरच्या पाइपात कचरा अडकला होता म्हणून जवाई खाली उतरले होते. पाइपाला धरून उभे असताना पाण्यात गेले. वर उभ्या असलेल्या गड्याला हाक सुद्धा ऐकू आली नाही. पोहता येणारा माणूस कमरेच्या वर थोड्याशा पाण्यात बुडाला.

मला कारण माहीत होतं. फोन ठेवायच्या आधी माहीत होतं.

तेराव्यानंतर बहिणीला आम्ही घरी आणलं. येताना तिच्या पदराच्या गाठीत गोळ्यांची एक पट्टी होती. गोठ्यातल्या कोनाड्यात, बैलांच्या तेलाच्या बाटलीमागं तिला सापडली होती. घरात ठेवली तर नवी बायको विचारेल, म्हणून तो गोठ्यात ठेवायचा. आणि गोठ्यात जायला जमलं नाही की चुकायची. सासूनं शेवटी रडत फिटचं सांगितलं होतं, शपथेचं नाही.

"एकानं जरी सांगतलं असतं ना दादा," बहीण मला म्हणाली, "त मीनं सोताच्या हातानं गोळी देल्ली असती. रोज. विहिरीत त उतरूच देल्लं नसतं." मग म्हणाली, "मले त्याचं मरण नाई डसत एवढं. तो खोटा निघाला हे डसते."

मी तिच्यासमोर बसलो होतो. तो खोटा नव्हता हे जगात दोन माणसांना माहीत होतं. एक त्याची आई, दुसरा मी. आणि मी ताटातला भात चिवडत राहिलो.

त्यानंतर मी कधी बटण खाली केलं नाही. घंटी वाजली तरी जिना चढून वर जायचो. मालक म्हणायचे, "काऊन रे, सर्विस कमी झाली तुही. पहिले मनातलं समजत होतं तुले." मी म्हणायचो, सेट जुना झाला. ते खरंही होतं. ऐंशीचं दशक संपायला आलं तेव्हा मालकांनी खोल्यांत रंगीत टीव्ही बसवले. काउंटरवर व्हिडिओ ठेवून तिथून प्रत्येक खोलीत वायर नेली. दुपारी एक सिनेमा, संध्याकाळी एक. पाहुणे विचारायचे ते फक्त, आज कोणता लावता. डब्बे उतरवून गच्चीवर ढीग केला. भंगारवाला यायच्या आधी मी सहा नंबरचा काढून घेतला आणि आंजीला नेला.

बहीण तेव्हा बालवाडीत शिकवत होती. रविवार होता. अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. मी डब्बा तिच्यापुढं ठेवला.

"काय हाये हे? आमच्या पोट्ट्याईले खेळाले आणलं काय?"

मी सांगितलं. बटण, घंटी, अकरा नंबरचा म्हातारा, सहा नंबर, शपथ, सगळं. सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, सुपाकडे पाहत होतो. सूप थांबलं होतं. मला वाटलं ती डब्बा उचलून माझ्या अंगावर मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "पुन्हा म्हण."

"काय?"

"तो काय म्हणला ते."

"माय, मी सांगतो तिले."

"पुन्हा."

मी पुन्हा म्हणालो. तिनं ते चारदा वदवून घेतलं. मग विचारलं, आवाज कसा होता. भीत भीत म्हणाला की ठाम. ठाम, मी म्हणालो. तिनं डब्ब्यावरची धूळ पदरानं पुसली. जाळीच्या कापडावर बोट फिरवलं. इतकी वर्षं ती ज्याला खोटा म्हणत होती त्याचं एक वाक्य माझ्याकडे पडून होतं आणि मी ते तिला दिलं नव्हतं. मरणाचा दोष माझा किती, यावर मी अजून स्वतःशी वाद घालतो. या दोषावर वाद नाही.

मग तिनं विचारलं, "त्यानं कधी काही विचारलं काय तुले? त्याले समजलं होतं काय तू ऐकलं ते?"

"नाई," मी म्हणालो.

हे तेवढं खोटं आहे.

त्यांच्या पहिल्या दिवाळीला बहीण आधी माहेरी आली होती आणि जवाई मागून आले. आंजीच्या एसटीला तासभर होता म्हणून दुपारी लॉजवर थांबले. काउंटरपुढं स्टुलावर बसले. मी चहा मागवला. रेडिओ चालू होता. ते बराच वेळ सेटवरच्या बटणांकडे पाहत होते. प्रत्येकाखाली खोलीचा नंबर रंगवलेला होता. त्यांनी सहा नंबरावर बोट ठेवलं, दाबलं नाही.

"भाऊ, त्या दिवशी आमच्या खोलीतलं गाणं मधातच थांबलं होतं."

मी रजिस्टर पुढं ओढलं.

"आमचं बोलणं झालं, आन् मंग सुरू झालं."

चहा आला. त्यांनी कप हातात धरला, प्याले नाहीत. मग खाली पाहून, हळू, जसं कुणी ओळखीच्या माणसाकडे उसनं काही मागतं तसं म्हणाले, "तुमची बहीण भेकड नाई, भाऊ. कोणी नीट सांगतलं त समजून घेईन ती. माह्या तोंडाले त कुलूप हाये. पण दुसऱ्या कोणी सांगतलं त कोणाची शपथ मोडत नाई."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी डब्ब्याखाली बसून पाहिलं होतं तसंच. आंजीच्या एसटीला अजून अर्धा तास होता. घरी बहीण वाट पाहत होती. मला फक्त बरं म्हणायचं होतं.

"सहाची वायर ढिली होती," मी म्हणालो. "दुरुस्त केली मीनं."